जहाज बांधणाऱ्या कारागिराचे चरित्र कसे शोधावे : नागपुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

बंदरगावात जहाजे बांधणाऱ्या एखाद्या जुन्या कारागिराचे चरित्र अभ्यासायला घेतले, की पहिली अडचण येते ती ही, की त्या माणसाने स्वतः लिहिलेले फारसे काही हाती लागत नाही. राजांची पत्रे जपली जातात, सरदारांच्या बखरी होतात. ज्याने गोदीत उभे राहून अख्खे लढाऊ जहाज उभे केले त्याचे नाव मात्र बहुधा दुसऱ्याच्या कागदात, एखाद्या ओळीपुरते येते. जहाजाचे तसे नसते. ते केव्हा पाण्यात उतरले, त्यावर किती तोफा होत्या, ते कोणाच्या ताब्यात गेले आणि केव्हा मोडीत निघाले याच्या नोंदी झाल्या, कारण त्यात पैसा आणि युद्ध दोन्ही गुंतलेले होते. म्हणून या अभ्यासाचा भरवशाचा मार्ग माझ्या मते एकच आहे : आधी जहाजे पक्की करावीत आणि मग जहाजांवरून माणसापर्यंत जावे. वंशावळ, दंतकथा आणि गौरवलेख यांपासून सुरुवात करणारे विद्यार्थी पुढे बराच काळ त्यांतच अडकून पडतात.

हा लेख नागपुरात राहणाऱ्या आणि या विषयात नव्याने येणाऱ्या अभ्यासकांसाठी आहे. समुद्र इथून दूर असला तरी पहिले काही महिने समुद्राजवळ जाण्याची गरजही नसते. उदाहरण म्हणून मी मुंबईच्या गोदीतील जमशेदजी बमनजी वाडिया यांना घेतले आहे. त्यांचा मृत्यू १८२१ साली झाला आणि त्यांच्या हातचे एक जहाज आजही पाण्यावर तरंगते आहे.

माणूस निवडताना

ज्याच्याविषयी निदान तीन प्रकारचे कागद सापडण्याची शक्यता आहे असा माणूस नवख्याने निवडावा : त्याला पगार देणाऱ्या सरकारचे कागद, त्याच्या समाजाने ठेवलेल्या नोंदी, आणि त्याने बांधलेल्या जहाजांचे कागद. मुंबईच्या वाडिया घराण्यात हे तिन्ही मिळतात. लवजी नसरवानजी हे १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईला आले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीत कामाला लागले. १७५० मध्ये तिथे पहिली सुकी गोदी, म्हणजे पाणी काढून टाकून आत जहाज बांधता येईल अशी गोदी, तयार झाली. लवजींच्या पुढच्या पिढ्यांनी शंभराहून अधिक वर्षे त्या गोदीचे मुख्य बांधणीकार म्हणून काम केले. लवजी, त्यांचे मुलगे माणेकजी आणि बमनजी, नातू फ्रामजी माणेकजी आणि जमशेदजी बमनजी, पणतू नवरोजी जमशेदजी, ही मालिका कंपनीच्या कागदांत सलग दिसते.

कोकणातल्या मराठा आरमाराचे सुतार किंवा मिस्त्री निवडायचे असतील तर ते काम अधिक मोलाचे आहे, पण अधिक अवघडही आहे. विजयदुर्ग १७५६ मध्ये आंग्र्यांच्या हातून गेला. आरमाराच्या कागदांत गुराबा आणि गलबते या लढाऊ जहाजांच्या नोंदी, सामानाच्या याद्या आणि खर्च मिळतात, पण कारागिराचे नाव क्वचित मिळते. शिवाय मोडी वाचता आलीच पाहिजे. ज्यांना पुढे त्या दिशेने जायचे आहे त्यांनी आजच मोडीच्या वर्गात नाव घालावे. राज्याचे पुराभिलेख संचालनालय असे वर्ग वेळोवेळी घेते.

नागपूरकरांसाठी आणखी एक दिशा आहे आणि तिचा विचार फारसा कोणी करत नाही. १७५१ पासून १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत ओडिशाचा किनारा नागपूरकर भोसल्यांच्या अमलात होता आणि बालेश्वर हे बंदर त्यातच येत होते. बालेश्वरच्या जहाज बांधणाऱ्यांचा शोध हा नागपूरच्या इतिहासाचाच भाग ठरतो. पहिला अभ्यास म्हणून मात्र मुंबईच घ्यावी, कारण तिथे पद्धत शिकता येते.

जहाजांची यादी

निवडलेल्या कारागिराच्या नावावर सांगितली जाणारी सर्व जहाजे आधी एका वहीत उतरवून घ्यावीत. प्रत्येक जहाजाला एक स्वतंत्र पान द्यावे. पानावर जहाजाचे नाव, कोणासाठी बांधले, काम सुरू झाल्याची तारीख, जलावतरणाची तारीख, तोफांची संख्या, पुढे बदललेली नावे आणि शेवट एवढे लिहावे आणि प्रत्येक बाबीपुढे ती कुठून मिळाली हे त्याच वेळी नोंदवावे. संगणकावर तक्ता करायलाही हरकत नाही. पण माहितीचा उगम लिहायचा रकाना कधीही रिकामा ठेवू नये.

जमशेदजींच्या बाबतीत ही यादी अशी सुरू होते. ७४ तोफांचे ‘मिंडेन’ १९ जून १८१० रोजी पाण्यात उतरले. ब्रिटिश राजाच्या नौदलासाठी ब्रिटनबाहेर बांधलेले हे पहिले मोठे रांगेतील युद्धजहाज, म्हणजे ताफ्याच्या मुख्य रांगेत लढणारे जहाज, मानले जाते. ‘कॉर्नवॉलिस’ २ मे १८१३ रोजी, ‘वेलस्ली’ २४ फेब्रुवारी १८१५ रोजी, ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट (त्याहून लहान व वेगवान युद्धनौका) १२ ऑक्टोबर १८१७ रोजी आणि ‘गँजेस’ १० नोव्हेंबर १८२१ रोजी उतरले. या पाच तारखा अभ्यासाचा सांगाडा म्हणून पुरेशा आहेत.

आता ‘गँजेस’च्या पानाकडे जरा जवळून पाहावे. जमशेदजींचा मृत्यू ३१ ऑगस्ट १८२१ चा आणि जलावतरण त्यानंतर सुमारे दहा आठवड्यांनी. म्हणजे जहाजाचे काम बापाच्या हयातीत उभे राहिले, पण ते पाण्यात उतरताना गोदी मुलाच्या, नवरोजींच्या हाती होती. काही ठिकाणी या जहाजापुढे एकाचे नाव दिसेल, काही ठिकाणी दुसऱ्याचे, काही ठिकाणी दोघांचे. यातले कोणते बरोबर असे विचारण्यापेक्षा कोणता कागद कोणत्या तारखेला लिहिला गेला हे विचारावे. बांधणीकाराचा मृत्यू आणि जहाजाचे जलावतरण यांच्या मधल्या अशा जागेतच चरित्राला उपयोगी पडणारे प्रश्न सापडतात : आजारी असताना देखरेख कोण करत होते, मुलाची नेमणूक आपोआप झाली की कंपनीने ठराव केला, आणि पगार तोच राहिला का.

नावांच्या बाबतीत सावध राहावे, कारण जहाजांची नावे बदलतात आणि पुन्हा पुन्हा दिलीही जातात. १८०५ मध्ये ‘पिट’ नावाने उतरलेली मुंबईची फ्रिगेट पुढे ‘साल्सेट’ झाली. ‘त्रिंकोमाली’ विसाव्या शतकात अनेक दशके दुसऱ्याच, फ्रेंच नावाने प्रशिक्षणासाठी वापरली जात होती आणि १९९२ मध्ये तिला मूळ नाव परत मिळाले. आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आहे. सर्वांत जास्त घोटाळा ‘कॉर्नवॉलिस’चा होतो. मुंबईत या नावाची दोन जहाजे बांधली गेली. पहिले १८०० च्या सुमाराचे, पुढे ‘अकबर’ या नावाने ओळखले गेलेले. दुसरे १८१३ चे, ज्यावर २९ ऑगस्ट १८४२ रोजी ब्रिटन आणि चीन यांच्यातला नानकिंगचा तह झाला. एकाची गोष्ट दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेली लेखनात वारंवार आढळते, म्हणून वहीत नावापुढे जलावतरणाचे वर्ष लिहिल्याशिवाय कोणतेही जहाज पुढे नेऊ नये.

तारीख पडताळण्याची एक रीत

मोठे जहाज सुक्या गोदीत बांधले जाते तेव्हा ते बाहेर काढण्यासाठी गोदीत पाणी घेऊन दरवाजे उघडावे लागतात आणि जहाजाचा तळ उंबरठ्यावरून सुटण्याइतके पाणी चढावे लागते. ७४ तोफांच्या जहाजाला साधी भरती पुरण्यासारखी नसते. त्याला उधाणाची भरती लागते आणि ती अमावास्या-पौर्णिमेच्या लगत, बहुधा एक-दोन दिवस उशिराने येते. यावरून पडताळणीचे एक चांगले साधन मिळते.

वर दिलेल्या पाचही तारखांचे गणित करून पाहावे. १९ जून १८१० ही तारीख पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत येते. २ मे १८१३ आणि १२ ऑक्टोबर १८१७ या दोन्ही अमावास्येनंतर लगेचच येतात. २४ फेब्रुवारी १८१५ आणि १० नोव्हेंबर १८२१ या जवळजवळ पौर्णिमेलाच लागून आहेत. पाचांपैकी एकही तारीख अष्टमीच्या आसपास, म्हणजे भरती सर्वांत कमी चढते त्या दिवसांत पडत नाही. जुन्या तारखांची चंद्रकला दाखवणारी खगोलशास्त्रीय आज्ञावली आता मोबाइलवरही मिळते, त्यामुळे हे काम घरबसल्या होते. एखाद्या पुस्तकात मोठ्या जहाजाच्या जलावतरणाची तारीख नेमकी अष्टमीला आली तर ती चूकच आहे असे म्हणता येणार नाही, पण मूळ कागद पाहिल्याशिवाय ती वापरू नये. लहान जहाजांना हा नियम लावू नये, कारण त्यांना कमी पाणी पुरते.

या हिशोबात मला विशेष मोल वाटते ते यासाठी, की त्यातून कारागिराच्या कामाचे वेळापत्रक डोळ्यांपुढे येते. पुढचे उधाण चुकले तर पंधरा दिवस थांबणे भाग होते, म्हणजे शेवटच्या आठवड्यांत त्याच्यावर कोणता ताण असेल याचा अंदाज करता येतो आणि कागदांत त्या आठवड्यांतली पत्रे मुद्दाम शोधता येतात.

कालगणना आणि माणसांची नावे

१७५२ पूर्वीच्या इंग्रजी तारखा जुन्या पद्धतीच्या आहेत. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर धरण्यात आला, आणि त्याआधी नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. म्हणून जानेवारी ते २४ मार्च या दिवसांतली घटना एका कागदात १७३५ ची आणि आजच्या हिशोबाने १७३६ ची ठरते. लवजींच्या मुंबईतील आगमनाचे साल पुस्तकांत कधी एक, कधी दुसरे दिसते, त्याचे कारण इथेही असू शकते.

पारशी नोंदींत यज्दगर्दी सन असतो. त्यात ६३० किंवा ६३१ मिळवले की इसवी सन येतो. नेमका आकडा महिन्यावर अवलंबून असतो. १७४५ पासून सुरतेत शहेनशाही आणि कदमी असे दोन पंथ झाले व त्यांच्या पंचांगांत एका महिन्याचे अंतर आहे, म्हणून मृत्युदिनाची नोंद मिळाली की ती कोणत्या पंचांगाची हे आधी ठरवावे.

वडिलांचे नाव पुढे लावण्याची पद्धत असल्यामुळे जमशेदजी बमनजी म्हणजे बमनजींचा मुलगा जमशेदजी, इतके सरळ वाचता येते. पण एकाच घराण्यात तीच नावे पुन्हा येतात, त्यामुळे वडिलांच्या नावाशिवाय आलेला ‘जमशेदजी’ लगेच आपला समजू नये. इंग्रज कारकुनांनी लवजी हे नाव अनेक तऱ्हांनी लिहिले आहे. सूचीत शोधताना लवजी, लौजी, लोवजी अशा उच्चारांची जितकी इंग्रजी रूपे सुचतील तितकी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावीत.

कागद कुठे आणि कोणत्या क्रमाने

सुरुवात घरूनच करावी. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरचा २६ वा खंड तीन भागांत आहे. त्यात मुंबईविषयीचे कंपनीच्या दप्तरातले उतारे विषयवार दिलेले आहेत आणि तो इंटरनेट अर्काइव्हवर वाचता येतो. उताऱ्यांखाली मूळ डायरीचा संदर्भ असतो. तो संदर्भ जसाच्या तसा उतरवून घ्यावा, कारण मुंबईला गेल्यावर तोच उपयोगी पडतो. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ आणि एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबईचे ‘ग्रंथ संजीवनी’ ही दोन संकेतस्थळेही याच टप्प्यावर पाहावीत. नागपुरात विद्यापीठाचे ग्रंथालय आणि सीताबर्डीवरील विदर्भ साहित्य संघाचे ग्रंथालय इथे सामान्य इतिहासग्रंथ मिळतील. पुराभिलेख संचालनालयाचे नागपूर कार्यालय मुख्यतः मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कागदांसाठी आहे, तिथे मुंबईच्या गोदीचे काही शोधायला जाऊ नये. पण जुने सरकारी कागद कसे मागवायचे, सूची कशी वाचायची आणि हाताळणीची शिस्त काय, हे शिकण्यासाठी तिथे काही दिवस अवश्य बसावे.

याच काळात गुजराती वाचायला शिकावे. ‘पारसी प्रकाश’ हा बमनजी बेहरामजी पटेल यांनी केलेला तारीखवार नोंदींचा मोठा गुजराती ग्रंथ या अभ्यासात टाळता येत नाही. जन्म, मृत्यू, मानसन्मान, दानधर्म अशा नोंदी त्यात आहेत. देवनागरी येणाऱ्याला गुजराती अक्षरे थोड्या सरावाने लागतात, आणि अडलेच तर इतवारीत जुने गुजराती वाचणारी ज्येष्ठ मंडळी नक्की भेटतात. त्यांच्याकडे जाताना पानाची स्पष्ट छायाप्रत न्यावी आणि आपण लावलेला अर्थ आधी लिहून न्यावा, म्हणजे त्यांचाही वेळ वाया जात नाही. वृत्तपत्रांच्या बाबतीत एक लक्षात ठेवावे : ‘मुंबई समाचार’ १ जुलै १८२२ ला आणि मराठी ‘दर्पण’ १८३२ ला सुरू झाले, त्यामुळे जमशेदजींच्या मृत्यूची बातमी त्यांत शोधण्यात अर्थ नाही. त्या काळासाठी ‘बॉम्बे कुरियर’सारखी इंग्रजी पत्रेच पाहावी लागतात.

लंडनमधील कागदांची नावे आधीपासून माहीत असावीत. ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस दप्तरात मुंबई सरकारच्या कामकाजाच्या प्रती, सुरत आणि मुंबईच्या वखारींचे कागद आणि कंपनीच्या जहाजांच्या रोजनिशा आहेत. नौदलाच्या जहाजांच्या कप्तानांच्या रोजनिशा क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. या संस्थांच्या सूची घरबसल्या पाहता येतात. हव्या त्या कागदाचा पूर्ण क्रमांक हाती आला की प्रत विकत मागवता येते. क्रमांक न देता ‘अमुक माणसाविषयी काही असल्यास कळवावे’ असे पत्र पाठवू नये.

सरकारी कागदांत नेमके काय शोधायचे, हे नवख्याला कळत नाही. बांधणीकाराचे नाव मोठ्या निर्णयांपेक्षा छोट्या कामांत जास्त येते : मलबारहून आलेल्या सागवानाची प्रत कशी आहे यावरचा त्याचा अभिप्राय, जुन्या जहाजाची तपासणी, सुतारांच्या पगाराची यादी, वाढीसाठी केलेला अर्ज, वरिष्ठ इंग्रज अधिकाऱ्याने दिलेले प्रशस्तिपत्र. सागवानाचे पत्र दिसले तर ते सोडू नये. सागाच्या लाकडातले तेल लोखंडी खिळ्यांना जपते, उलट ओकमधील आम्लामुळे खिळे गंजतात; मुंबईच्या जहाजांना इतकी मागणी का होती, याचे एक मोठे कारण हेच होते, आणि कोणता सोट घ्यायचा व कोणता परत पाठवायचा हे ठरवणे बांधणीकाराच्या कौशल्याचा गाभा होता. कागद न सापडण्याचीही कारणे असतात. फेब्रुवारी १८०३ च्या आगीत मुंबईच्या कोटाचा मोठा भाग जळाला, त्यामुळे त्याआधीचे घरगुती कागद कमी मिळाले तर त्यातून माणसाविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये.

कारागिराच्या स्वतःच्या शब्दांची आस असेल तर एक पिढी पुढे जावे. याच घराण्यातील जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेहरवानजी हे जहाजबांधणी शिकायला इंग्लंडला गेले आणि त्यांनी लिहिलेला प्रवासवृत्तान्त १८४१ मध्ये लंडनमध्ये छापला गेला. त्याच वर्षी याच घराण्यातील आर्देशीर कर्सेटजी हे लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे सभासद निवडले गेले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. आजोबांच्या पिढीविषयी थेट पुरावा म्हणून या लेखनाचा वापर करता येत नाही, पण गोदीतल्या शिक्षणाविषयी आणि कामाच्या भाषेविषयी त्यातून पुष्कळ कळते.

चित्र आणि दंतकथा

ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात जमशेदजींचे एक तैलचित्र आहे. हातात कर्कटक, जहाजाचा आराखडा, कमरेच्या शेल्यात खोचलेली चांदीची मोजपट्टी. पाहताच माणूस भेटल्यासारखे वाटते, आणि नेमके इथेच सावध व्हावे : चित्र १८३० च्या सुमाराचे धरले जाते, म्हणजे ते मृत्यूनंतरचे आहे. चेहरा कशावरून रंगवला, ते कोणासाठी करवून घेतले, चित्रात दाखवायला ‘मिंडेन’ हेच जहाज का निवडले, हे प्रश्न चेहऱ्याच्या वर्णनाआधी लिहावेत. मोजपट्टीसारख्या वस्तू कंपनीकडून सन्मानादाखल मिळत, म्हणून तिचा माग सरकारी ठरावांत घेता येतो. चित्राचा खरा उपयोग तोच आहे.

जमशेदजींनी ‘कॉर्नवॉलिस’च्या आतल्या कण्यावर (तळाच्या लांब तुळईवर), आपल्याला गोरे ज्या शब्दांनी हिणवत तेच शब्द वापरून, अशा माणसाने हे जहाज बांधले असे कोरून ठेवले होते, आणि पुढे दुरुस्तीच्या वेळी ते सापडले, ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते. ती मनाला भिडणारी आहे आणि खरीही असू शकेल. तरी ती लिहिताना तीन गोष्टी नोंदवाव्यात : दोनपैकी कोणते ‘कॉर्नवॉलिस’, हकीकत प्रथम छापली गेली ते साल, आणि कोरीव मजकूर स्वतः पाहिल्याचे कोणी लिहिले आहे का. उत्तरे मिळेपर्यंत ती ‘सांगितले जाते’ या शब्दांतच ठेवावी.

मुंबईची फेरी

मुंबईला जाण्याआधी वहीत निदान वीस-पंचवीस मूळ संदर्भ तयार असावेत. विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी नागपूरहून निघून सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते आणि तिथून कोटातील सर्व ठिकाणे पायी अंतरावर आहेत. राज्याचे पुराभिलेखागार काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे, एशियाटिक सोसायटी टाउन हॉलमध्ये, आणि पारशी विषयांसाठी महत्त्वाची के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट लायन गेटच्या परिसरात. प्रवेशाचे नियम आणि वेळा निघण्यापूर्वी दूरध्वनीवर विचारून घ्याव्यात. ओळखपत्र, महाविद्यालयाचे किंवा मार्गदर्शकाचे शिफारसपत्र, छायाचित्रे आणि पेन्सिली सोबत असाव्यात. पहिला दिवस सूची पाहण्यात आणि मागणीपत्रके भरण्यातच जातो, हे धरून चालावे. अठराव्या शतकातले इंग्रजी हस्ताक्षर सुरुवातीला लागत नाही, तेव्हा आधीच छापून आलेला एखादा उतारा आणि त्याचे मूळ पान शेजारी ठेवून दोन-तीन पाने वाचावीत. हात लवकर बसतो.

जुन्या गोद्या नौदलाच्या गोदीवाड्यात आहेत आणि तिथे सर्वसामान्यांना प्रवेश नाही. परवानगीसाठी अर्ज करायचा असेल तर तो संस्थेमार्फत आणि बराच आधी करावा; ती मिळेलच असे धरून प्रवासाची आखणी करू नये. वंशजांकडे असलेले कागद पाहायचे असतील तर पहिल्या पत्रात काय शोधत आहोत ते नेमके लिहावे, मूळ कागद हलवण्याचा आग्रह धरू नये, आणि त्यांनी दाखवलेल्या प्रत्येक पानाची प्रत व आपल्या लेखाचा मसुदा त्यांना पाठवावा. चित्रे आणि आराखडे छापण्यासाठी संबंधित संग्रहालयाची स्वतंत्र परवानगी आणि शुल्क लागते. त्याला काही आठवडे जातात, म्हणून लेखाचा पहिला मसुदा होताच तो अर्ज पाठवून द्यावा.